सावकाराच्या पावतीवरचा ‘दंड’ : हा घेता येतो का?

कऱ्हाकाठ

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण नेमकं कुठे चुकतंय तेच मला नीट कळत नाहीये.

आम्ही बारामती तालुक्यातले. मागच्या वर्षी आईचं अचानक ऑपरेशन निघालं. भाऊ बाहेरगावी, माझा पगार व्हायला बारा दिवस. आईने कोणाला न विचारता स्वतःच्या पाटल्या आमच्या बाजारपेठेतल्या एका सराफाकडे गहाण ठेवल्या. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे, दुकानात फ्रेम करून लावलेला मी स्वतः पाहिलाय. ६०,००० ठरले. ‘फाईल खर्च’ म्हणून ६०० आधीच कापले आणि आईच्या हातात ५९,४०० दिले. वायदा एक वर्षाचा, व्याज शेकडा दोन. अर्थात महिन्याला.

वर्ष संपलं तेव्हा आमची जुळवाजुळव झाली नव्हती. आता चौदा महिन्यांनी पैसे घेऊन गेलो, तर त्याने वहीच्या कागदावर हिशेब मांडून दिला:

मुद्दल ६०,०००
व्याज १४ महिने १६,८००
मुदतीनंतरचा दंड, ६० दिवस, रोज ५० प्रमाणे ३,०००
एकूण ७९,८००

व्याजाचं आईने मान्य केलं होतं, त्यामुळे ती म्हणते, बोललो तर द्यावंच लागेल. पण रोज ५० रुपये दंडाचं कोणी काही बोललंच नव्हतं. गहाण ठेवताना आईला दिलेल्या चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात ‘द. ५०’ एवढंच लिहिलंय. विचारलं तर म्हणाला, “बँकसुद्धा दंड घेते ताई, तिथे तुम्ही भांडता का?” यावर मला उत्तर सुचलं नाही. पैसे न देता परत आलो. पाटल्या तिथेच आहेत.

मला भांडण नकोय. परवानाधारक सावकार असा दंड लावू शकतो की नाही, एवढंच हवंय. कोणाला कायदा माहीत असेल तर कृपया सांगा. आई दोन रात्री झोपलेली नाही. त्या पाटल्या तिच्या आईच्या आहेत.

शिवारफेरी

ताई, आधी चिठ्ठीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आजच. आणि पैसे दिलेत तर पावती घेतल्याशिवाय देऊ नका. कायद्याचं जाणकार सांगतील.

निवृत्त_लिपिक

कऱ्हाकाठ, मी सहकार खात्यात नोकरी केली आहे, त्यातली बरीच वर्षं सावकारीच्या टेबलावर. वकील नाही, पण हा कायदा रोजच्या कामात वापरला आहे. सावकाश लिहितो, कारण तुमच्यासारखे लोक नेमके ज्या ठिकाणी फसतात तिथे थांबावं लागेल.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. त्याआधी १९४६ चा मुंबई सावकार कायदा होता, तो याने रद्द झाला. नव्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे व्याजाची कमाल मर्यादा सरकार अधिसूचना काढून ठरवतं. सप्टेंबर २०१४ च्या अधिसूचनेतले दर असे: शेतकऱ्याला तारण कर्ज वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. इतरांना तारण कर्ज १५ टक्के, विनातारण १८ टक्के. हे वर्षाचे दर आहेत. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ झाले. त्यामुळे आई ‘बोलली’ असली तरी मर्यादेवरचा करार कायद्याने टिकत नाही. बोललेला शब्द मोडल्याचं ओझं त्यांनी मनावर घेऊ नये, एवढं त्यांना जरूर सांगा.

आता दंड. लोकांना वाटतं व्याज वेगळं आणि दंड वेगळा. सावकारही तसंच भासवतो. पण या कायद्यात ‘व्याज’ या शब्दाची व्याख्या दिली आहे, आणि ती वाचली की सगळा गुंता सुटतो. मुद्दलावर जी काही जादा रक्कम कर्जाच्या संबंधात सावकाराला द्यायची असेल, तिला कोणतंही नाव दिलं तरी ती व्याजच. दंड म्हणा, उशीर आकार म्हणा, वहीखर्च म्हणा, दिवाळीची भेट म्हणा. ते सगळं मिळून त्या १५ टक्क्यांच्या आत बसलं पाहिजे. फक्त कायद्याने घ्यायला परवानगी दिलेले खर्च तेवढे यातून वगळलेत.

ते खर्च कोणते? कलम ३१ च्या लगेच पुढच्या कलमात आहेत. मालमत्ता तारण असेल तर तिच्या मालकीहक्काच्या तपासणीचा वाजवी खर्च, मुद्रांक, दस्तनोंदणी, आणि अशाच प्रकारचा खिशातून झालेला नेहमीचा खर्च. तोही दोघांनी मान्य केला असेल तरच. पाटल्या वजन करून डबीत ठेवायला कसला मालकीहक्क तपासायचा आणि कसली नोंदणी? त्यामुळे ‘फाईल खर्च’ ६०० हासुद्धा माझ्या मते बसत नाही.

आणखी एक. ‘मुद्दल’ म्हणजे प्रत्यक्ष हातात दिलेली रक्कम, अशी व्याख्या आहे. त्यामुळे तुमचं मुद्दल ५९,४००. चौदा महिन्यांचं १५ टक्क्यांनी व्याज १०,३९५. एकूण ६९,७९५. त्याने मागितले ७९,८००. फरक १०,००५ रुपयांचा.

आईच्या नावावर सातबारा आहे का? असेल तर लिहा.

कऱ्हाकाठ

काका, तुमचे आभार कसे मानू. आईच्या नावावर माहेरकडून आलेली वीस गुंठे जिराईत जमीन आहे. बाजरी होते, आई स्वतः करून घेते.

निवृत्त_लिपिक

मग शेतकरी म्हणून ९ टक्क्यांची मागणी करा. ५९,४०० वर चौदा महिन्यांचे ६,२३७. एकूण ६५,६३७. सराफ म्हणेल की कर्ज देताना शेतकरी म्हणून नोंद नव्हती. सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात तक्रारीचा अर्ज करा, सोबत सातबारा जोडा, निर्णय कार्यालय घेईल. पण १५ च्या वर तर कोणत्याच परिस्थितीत जाता येत नाही.

गांधीचौक

मी इथे वेगळी बाजू मांडतो, आणि मनापासून मांडतो. माझ्या वडिलांकडे वीस वर्षं सावकारीचा परवाना होता. आम्ही दुकान २०१६ मध्ये बंद केलं.

रात्री नऊला माणूस दार वाजवायचा. मुलाला साप चावलाय, सोलापूरला न्यायचंय. वडील तिजोरी उघडायचे. त्या वेळी कोणती बँक उघडी असते? ९ टक्क्यांनी शेतकऱ्याला द्यायचं, तर आमचं भांडवल कुठून येणार? आम्ही स्वतः पतसंस्थेकडून १४ टक्क्यांनी उचलत होतो. दर वर्षी परवाना, तपासणी फी, वह्या, विवरणपत्रं. जो कायद्याने चालतो त्याला हे परवडत नाही म्हणून तो बाजूला होतो आणि मागे उरतो तो बिनपरवान्याचा, महिन्याला दहा टक्केवाला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गल्लीत आता परवाना असलेला एकही नाही. पैसे मात्र मिळतात.

दंडाबद्दल: वायदा पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याला एकच दर कसा? काहीतरी धाक हवा ना?

हे मी त्या सराफाची बाजू घ्यायला लिहीत नाही. चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात लिहिणं हे वाईटच. वडिलांनी असं कधी केलं नाही.

निवृत्त_लिपिक

गांधीचौक, तुमचं दुखणं खरं आहे आणि तुमच्या वडिलांसारखी माणसं मी पाहिली आहेत. दर परवडत नाही हा मुद्दा सरकारपुढे मांडण्यासारखा आहे. मी नोकरीत असताना तसं लिहूनही दिलं होतं.

पण धाकाचं उत्तर कायद्याने आधीच दिलंय. तारण तुमच्या तिजोरीत आहे, आणि उशिराच्या दिवसांचं व्याज चालूच राहतं. त्यावर रोजचे ५० म्हणजे किती होतात ते पाहा. ६०,००० वर महिन्याला १,५००, म्हणजे आणखी अडीच टक्के. त्याचा शेकडा दोनचा दर दंडाने साडेचारवर गेला. वर्षाला ५४ टक्के.

दुसरी गोष्ट, व्याज वाढत वाढत मुद्दलाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. आपल्या जुन्या दामदुपटीचाच नियम या कायद्यात आहे. चक्रवाढही लावता येत नाही.

वर्धेची_माई

माझा प्रश्न जरा निराळा आहे, धाग्यात चालेल ना? आमच्याकडे बायकांचं गटाचं कर्ज असतं, मायक्रोफायनान्सचं. दर आठवड्याला सेंटरवर हप्ता. माझी जाऊ एक हप्ता चुकली, ताप होता. १,१५० चा हप्ता. तर साहेबाने सगळ्या उरलेल्या कर्जावर दंड धरून ६८० लावले. सगळ्या बायकांसमोर उभं करून बोलला. ‘निवृत्त लिपिक’ काकांनी सांगितलेला कायदा तिला लागू होतो का?

धनकवडी

माई, मी एका बँकेच्या कर्ज विभागात आहे, हे मी सांगतो.

राज्याचा सावकारी कायदा तिथे लागू होत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, मे २०२२ चा, नेडुंपिल्ली फायनान्स विरुद्ध केरळ राज्य. त्यात केरळ आणि गुजरात दोन्हीचे कायदे होते. त्यामुळे कोणी ‘फायनान्स’ वाल्याच्या विरोधात एआर (सहाय्यक निबंधक) ऑफिसात अर्ज घेऊन गेलं, तर ते हात वर करतील, आणि ते बरोबरच असेल. पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा: पैसे देणारा कोण आहे? परवानाधारक सावकार, रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेली कंपनी, पतसंस्था, की यातलं काहीच नाही? दंडाचं उत्तर त्याच्यावर बदलतं.

पण तुमच्या जावेला संरक्षण नाही असं समजू नका. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे निर्देश आहेत. त्यात स्पष्ट आहे: उशिराचा दंड लावायचा तर फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. म्हणजे तो १,१५० वर निघायला हवा होता. मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्यावर काही दंड घेता येत नाही. आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहानंतर फोन नाही की दारात येणं नाही. चारचौघांत अपमान करायला तर साफ मनाई आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि मराठीत लिहिता येतं.

वर्धेची_माई

कार्डावर थकलेला हप्ता आणि दंड एकाच आकड्यात लिहिलाय. वेगळा मागते. सेंटरवर आम्ही अकरा जणी आहोत, सगळ्यांना हे वाचून दाखवते.

डोंबिवली_फास्ट_लोकल

धनकवडी, माझं टू-व्हीलर लोन आहे. एक ईएमआय बाउन्स झाला. स्टेटमेंटमध्ये ‘पीनल चार्जेस’ आणि त्याच्यावर १८ टक्के जीएसटी लावलाय. दंडावर पण जीएसटी?

धनकवडी

नाही. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलंय की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँका आणि वित्तीय कंपन्या जो दंडात्मक आकार घेतात त्यावर जीएसटी लागत नाही. लेखी मागा, परत मिळायला हवा.

आता दंडाचंच बोलतो, कारण याबद्दल फार कमी लोकांना माहिती आहे. पूर्वी आम्ही ‘दंडव्याज’ लावायचो. हप्ता चुकला की व्याजदरच दोन-तीन टक्के वाढायचा, ते व्याज मुद्दलात मिसळायचं आणि पुढच्या महिन्यात त्याच्यावर पुन्हा व्याज. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हे बंद केलं. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. दंड घ्यायचा तर तो वेगळा ‘आकार’ म्हणून, व्याजदरात मिळवून नाही, आणि त्या दंडावर पुढे व्याज चढवायचं नाही. रक्कम चुकीच्या प्रमाणात वाजवी हवी, करारात आधी लिहिलेली हवी, आणि ग्राहकाला आठवण पाठवताना ती रक्कमही सांगायला हवी. साध्या घरगुती कर्जदाराला कंपन्यांपेक्षा जास्त दंड लावता येत नाही.

दंड हे बँकेच्या कमाईचं साधन नाही, असं त्या परिपत्रकात लिहिलंय. मी हे आमच्या शाखेत छापून लावलंय. वरिष्ठांना आवडलं नव्हतं. अजून लावलेलंच आहे.

सोन्याच्या बाबतीत तर उलटा दंडही आलाय. बँक किंवा गोल्ड लोन कंपनीने कर्ज फिटल्यावर दागिने परत द्यायला सात कामाच्या दिवसांपेक्षा उशीर केला, आणि चूक तिची असली, तर तिनेच कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यायचे. हे जून २०२५ चे निर्देश, १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायचे. सराफ-सावकाराला मात्र हे लागू नाही, कऱ्हाकाठ, त्यामुळे तिथे याचा आधार घेऊ नका.

फ्रीमाँटकर

कॅलिफोर्नियातून. इथे राज्यांनी याबाबत काय केलंय ते सांगतो, तुलना म्हणून.

आमच्या अपार्टमेंटसमोरच्या रस्त्यावर ‘पेडे लोन’ आणि चेक वटवून देणारी तीन दुकानं आहेत. पगाराच्या आधी पैसे लागले की लोक पुढच्या तारखेचा चेक लिहून देतात आणि रोख घेऊन जातात. तो धंदा इथे राज्याच्या परवान्यावर चालतो, आणि दुकानदाराने किती घ्यायचं ते राज्याच्या कायद्याने आकड्यात बांधलंय. चेक जास्तीत जास्त ३०० डॉलरचा. त्यावर फी जास्तीत जास्त १५ टक्के, म्हणजे ४५ डॉलर. चेक परत आला तर दंड १५ डॉलर, तोही एकदाच, कितीही वेळा बँकेत टाकला तरी. मुदत वाढवून दिली तर त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. आणि चेक वटला नाही म्हणून ग्राहकावर फौजदारी करता येत नाही.

हे वाचून कोणाला स्वस्त वाटेल, पण ४५ डॉलर दोन आठवड्यांचे आहेत. हातात आलेल्या २५५ डॉलरवर वर्षाचा हिशेब मांडलात तर दर साडेचारशे टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे दंडाला इथे कुलूप आहे, पण मूळ फीचा दरवाजा सताड उघडा आहे. आपल्याकडे दर बांधलाय तो उलट फार खाली. गांधीचौक म्हणतात ते मला त्यामुळे पटतं. दोन्हीकडे सांधा कुठेतरी निसटलेला आहे.

माझ्याबरोबर गोदामात काम करणाऱ्या एका माणसाने महिन्यातून दोनदा असं सात-आठ महिने केलं. त्याला फक्त तो १५ चा आकडा पाठ होता, कारण दुकानात भिंतीवर लिहिलेला होता. बाकीचा हिशेब कोणी भिंतीवर लिहीत नाही.

गांधीचौक

फ्रीमाँटकर, दोन आठवड्यांचे ४५ डॉलर? वडील हे ऐकून गप्प बसले असते.

मोडी_वाचक

कऱ्हाकाठ बारामती तालुक्याच्या आहेत हे वाचून राहवलं नाही. तुमच्या तालुक्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. तिथूनच पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत तो उठाव पसरला. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शाळेत आपण एक ओळ वाचतो. पण लोकांनी त्या दिवसांत मुख्यतः काय शोधलं आणि जाळलं, तर कागद. कर्जरोखे, गहाणखतं, खतावण्या. माणसं मारण्यापेक्षा वह्या जाळण्यावर त्यांचा भर होता. कारण ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर अन्याय कागदातूनच होत होता.

त्यातून १८७९ चा दख्खनमधल्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पुणे, अहमदनगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. त्यात न्यायालयाला रोख्यावर लिहिलेला आकडा तसाच मान्य न करता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासायला सांगितलं होतं. आणि सावकाराने पैसे मिळाल्याची लेखी पावती द्यावी, हिशेब लिहून द्यावा, ही तरतूद त्यात होती. १८७९ साली!

मी त्या काळातली काही मोडी कर्जखतं वाचली आहेत. आकड्यानंतर ‘व्याज शिरस्तेप्रमाणे’ एवढंच. शिरस्ता काय तो सावकाराला माहीत. चिठ्ठीच्या मागचं ‘द. ५०’ वाचून मला तेच आठवलं.

पैनगंगा

सावकारीत जमीन गेली असेल तर दंडापेक्षा मोठा प्रश्न असतो, तो इथे नोंदवून ठेवते. आमच्या काकांनी २०११ ला दीड लाख घेतले होते. हमी म्हणून दोन एकराचं खरेदीखत करून घेतलं, ‘पैसे दिले की उलटून देतो’ असं तोंडी बोलून. व्याज आणि दंड मिळून रक्कम एवढी फुगली की काकांनी हात टेकले. सातबारा दुसऱ्याच्या नावावर गेला.

कलम १८ प्रमाणे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेपासून मागे पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल, आणि तो खरेदीचा नसून कर्जाच्या तारणाचा होता हे चौकशीत दिसलं, तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. आमचा अर्ज पहिल्यांदा फेटाळला गेला. पुरावा काय, तर तोंडी बोलणं. मग काकूंना एक जुनी वही सापडली. त्यात सावकाराच्या मुलाच्या अक्षरात दर महिन्याचं व्याज घेतल्याच्या नोंदी होत्या. जमीन खरीच विकली असती तर विकणाऱ्याने व्याज कशाला भरलं असतं? त्या वहीवर अपील चाललंय.

पंधरा वर्षांची मुदत लक्षात ठेवा. अनेकांची ती सरून जाते आहे.

निवृत्त_लिपिक

पैनगंगा, काकूंची ती वही कार्यालयात मूळ देऊ नका. साक्षांकित प्रत द्या, मूळ सुनावणीला दाखवा. मी अशा वह्या ‘गहाळ’ झालेल्या पाहिल्या आहेत.

शिवारफेरी

बिनपरवान्याच्या सावकाराचं काय? आमच्याकडे तेच जास्त.

निवृत्त_लिपिक

परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. कलम ३९, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कर्ज दिलं त्या वेळी परवाना नसेल तर न्यायालय त्याच्या बाजूने वसुलीचा हुकूमनामा देत नाही. परवानाधारकालाही परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्राबाहेर धंदा करता येत नाही. २०१५ मध्ये सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज स्वतः भरायचं ठरवलं, तेव्हा याच कारणाने अनेक शेतकरी बाहेर राहिले. सावकाराचा परवाना एका तालुक्याचा, कर्जदार शेजारच्या तालुक्यातला. चूक सावकाराची, नुकसान शेतकऱ्याचं. त्या याद्या मी केल्या आहेत. नावं अजून आठवतात.

कोऱ्या कागदावर सही किंवा रकमेची जागा मोकळी ठेवलेला कागद घेणं, दिल्यापेक्षा जास्त रक्कम लिहिणं, हेही गुन्हे आहेत. कर्जदाराच्या मागे मागे फिरणं, घराबाहेर घुटमळत राहणं, याचीही शिक्षा आहे. तगादा लावणारे म्हणतात, ‘मी काय मारलं का?’ मारायची गरज नाही.

कऱ्हाकाठ

चार दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं वाचलं, आईला वाचून दाखवलं. सुप्याचं ऐकून ती म्हणाली, तिच्या आजोबांच्या तोंडी ‘वह्या जळाल्या ते साल’ असा शब्द होता, पण ते काय ते तिला आजवर माहीत नव्हतं.

सोमवारी सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात गेले. परवानाधारकांच्या यादीत त्याचं नाव आहे. मग भाऊ आणि मी दुकानात गेलो. आवाज चढवला नाही. मी फक्त म्हणाले, ५९,४०० हातात दिले, १५ टक्क्यांनी हिशेब करून द्या. तो हसला आणि त्याने छापील पावतीपुस्तक काढलं. त्यात आईच्या नावावर आधीच १५ टक्के लिहिलेलं होतं. दंडाचा उल्लेखच नाही. रक्कम ६०,०००. म्हणजे तपासणीला दाखवायची एक वही आणि आईला दिलेली चिठ्ठी वेगळी. म्हणे, “ती चिठ्ठी घरगुती आहे, तिला काही अर्थ नाही.” भाऊ म्हणाला, मग त्या चिठ्ठीवरचा दंड तरी कशाला मागता? तर म्हणाला, ६९,७९५ द्या आणि पाटल्या घेऊन जा, विषय संपवू.

भावाला वाटतं संपवावं. मला कळत नाहीये. ९ टक्क्यांचं काय? आणि दोन वह्यांचं काय? त्या दुकानात आईसारख्या आणखी बायका येतात, तिथे बाकावर दोघी बसलेल्या होत्या.

निवृत्त_लिपिक

दोन्ही करता येतं. ६९,७९५ भरा, दागिने वजन करून ताब्यात घ्या, आणि पावतीवर मुद्दल व व्याज वेगवेगळं लिहून घ्या. ‘आक्षेप राखून’ असे शब्द तुमच्या सहीपुढे स्वतःच्या हाताने लिहा. दागिने हातात आल्यावर अर्ज करा, सातबारा जोडा, चिठ्ठीची प्रत जोडा. शेतकऱ्याच्या दराचा फरक ४,१५८ रुपये होतो, तो मागा. दोन वह्यांची गोष्ट अर्जात वेगळ्या परिच्छेदात लिहा, कारण तपासणी अधिकाऱ्याने दुकानात जाऊन पाहायला हवं ते तेच आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

गांधीचौक

कऱ्हाकाठ, त्या बाकावरच्या दोघींसाठी तरी अर्ज करा. वडिलांनी परवाना परत केला तो अशाच एका शेजाऱ्याच्या दोन वह्यांमुळे. त्याच्यापुढे खरी वही ठेवणारा टिकत नाही. मी तुमच्या विरोधात लिहायला सुरुवात केली होती. आता अर्जाला काही मदत लागली तर सांगा, पावतीपुस्तकात काय काय असायला हवं ते मला माहीत आहे.

कऱ्हाकाठ

आज सकाळी पैसे भरले. पावतीवर ‘आक्षेप राखून’ लिहिलं तेव्हा त्याने पेन हातातून घ्यायचा प्रयत्न केला, पण भाऊ शेजारी उभा होता. पाटल्या वजन करून घेतल्या, बरोबर भरल्या. आईने तिथेच हातात घातल्या.

दुपारी अर्ज दिला. सोबत सातबारा, पावती आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंची प्रत. आवक क्रमांक पडला, पोच घेतली. तपासणीची तारीख कळवतो म्हणाले. गांधीचौक दादा, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, पावतीपुस्तकाचं तेवढं सांगा.

मूळ चिठ्ठी आईने दागिन्यांच्या डबीत ठेवली आहे, पाटल्यांच्या जागी.